एकोणीस डावांची यादी

१

"हा खेळ नोहे, चोरी आहे चोरी!" असे ओरडून राजदीपने टेबलावर एक कागद इतक्या जोराने आपटला, की वाटीतली डाळ हिंदकळून शेजारी बसलेल्या सेवकरामच्या बाहीवर सांडली.

तो रविवार होता, सात जून दोन हजार पंधरा. सडक अर्जुनीच्या महामार्गावर दुलीचंदचा ढाबा आहे. तेथे सायंकाळी साडेपाचला वीस-बावीस माणसे जेवत किंवा चहा पीत बसली होती. ढाब्यामागच्या खोलीत राजदीप आणि त्याचा मित्र ओमेश गेली तीन वर्षे दर रविवारी तीन वाजता संगणकावर पोकरच्या स्पर्धा खेळत. स्पर्धा लहानच असत. चाळीस-पन्नास अनोळखी माणसे, कोणी इंदूरचा, कोणी कोचीनचा, किरकोळ प्रवेशशुल्क भरून सारख्याच चिप्स, म्हणजे बोलीच्या सोंगट्या, घेऊन बसत, आणि शेवटी एक उरेपर्यंत बाकीचे गळत जात. पहिल्या वर्षी हे दोघे अर्ध्या तासात गळत. मग त्यांनी खेळाचा अभ्यास मांडला आणि शेवटच्या सहांत बसू लागले. एप्रिलपासून मात्र राजदीपचे नशीब फिरले होते, आणि ते फिरवणाऱ्याचे नाव पडद्यावर एकच दिसे: वैनगंगा-९.

"वाचा, मामाजी," राजदीप म्हणाला. "एकोणीस डाव लिहिले. माह्या हाती चांगले पत्ते असले, का हा वैनगंगा गुपचूप पत्ते टाकून देते. मी नुसती थाप मारली, का हा छातीवर येते. एकोणीसच्या एकोणीस! त्याले माहे पत्ते दिसून राहिले. अन् माही मशीन कोणं जोडली? ओमेशनं."

ओमेश संगणक दुरुस्त करी, आणि तालुक्यातली निम्मी यंत्रे त्याच्या हाताखालून गेली होती. तो हातातला घास तसाच धरून म्हणाला, "येडा झाला का बे?"

सगळ्यांच्या नजरा सेवकरामकडे वळल्या. सेवकराम राजदीपचा सख्खा मामा. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये त्याने एकतीस वर्षे ग्रेडर म्हणून काढली होती. धानाच्या पोत्यात परखी, म्हणजे ती पोकळ लोखंडी सळई, खुपसून बाहेर आलेले दाणे तळहातावर चोळायचे आणि मालाचा दर्जा सांगायचा, हे त्याचे काम. त्याने सांगितलेल्या दर्जावर कोणी दुसऱ्यांदा बोलत नसे.

सेवकरामने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पोकर त्याला येत नव्हता, पण एकोणीसपैकी एकोणीस म्हणजे काय हे कळायला पोकर यावाच लागतो असे नाही.

"माल खोटा आहे," तो म्हणाला.

ओमेशने घास ताटात ठेवला. "मामाजी, तुम्ही पन?" एवढे बोलून तो उठला आणि मोटारसायकल चालू करून निघून गेला.

कोपऱ्यात पतसंस्थेचे सचिव केशोराव जेवत होते. त्यांनी हात धुतले आणि कोणाकडेही न पाहता म्हटले, "पंधरा तारखेच्या सोमवारी आमची सभा आहे. संस्थेच्या सगळ्या मशिनी आजवर या ओमेशकडंच देत आलो आम्ही."

२

मंगळवारपर्यंत दोन शाळांनी आणि एका औषधाच्या दुकानाने आपापली यंत्रे ओमेशकडून उचलून नेली. जो मित्राच्या यंत्रात डोळा बसवतो, तो परक्याच्या यंत्रात काय बसवणार नाही, असा लोकांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबाला आधार होता सेवकरामच्या तीन शब्दांचा.

सेवकरामला चैन पडेना. बसला की उठावेसे वाटे, उठला की कोठे जावे ते सुचेना. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी नसलेले दाणे चोळत राहिली.

"काऊन गा भाऊ," त्याची धाकटी बहीण कुसुमबाई म्हणाली, "सकाळपासून अंगनात चकरा घालून राहिला. पायाले भिंगरी लागली का?"

"उन्ह आहे."

"उन्हानं मानूस सावलीत बसते, चकरा नाही घालत." तिने सुपातले तांदूळ एका अंगाला सारले. राजदीप तिचा मुलगा, पण त्याच्या बाजूने ती एक शब्द बोलली नाही. "एक सांग. राजदीपनं लिहिले एकोणीस डाव. अन् खेळले किती?"

सेवकराम जागच्या जागी थांबला. पोत्याच्या तोंडाशी चांगला माल ओतून तळाला भुसकट दडवणारे अडते त्याने उभ्या जन्मात शेकड्याने पाहिले होते. नेमके उलटही होऊ शकते, हे ढाब्यावर त्याच्या ध्यानात आले नव्हते. कोणाला माल खोटा ठरवायचा असेल, तर तो वाईट दाणेच तेवढे निवडून आणील, आणि ते अगदी प्रामाणिकपणे आणील. राजदीपने दिलेली मूठ पाहून त्याने पोते नापास केले होते.

चप्पल घालून तो तहसील कार्यालयासमोरच्या राजदीपच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला.

"त्या वैनगंगासंग जेवढे डाव झाले, तेवढे सारे पाहिजेत मले. गाळलेले नाही, सारे."

"कायले मामाजी? निकाल तं तुम्हीच दिला."

"छाप म्हटलं तं छाप."

प्रत्येक डावाची नोंद खेळाच्या संकेतस्थळावर राहत असे. राजदीपने कुरकुरत कागद काढले. नऊ रविवार, आणि दोघे समोरासमोर आलेले चौसष्ट डाव. सेवकरामने दुपारभर एकेक डाव त्याच्याकडून समजावून घेतला. राजदीपने मिलमध्ये दोन हंगाम मामाच्या हाताखाली नमुने काढले होते, त्यामुळे शिकवण्याच्या भूमिका उलटल्याची त्याला मजाही वाटत होती. कोण आधी बोलतो, कोण नंतर. कमजोर पत्त्यांवर मोठी बोली लावून दुसऱ्याला पळवणे, म्हणजे थाप. आणि स्पर्धेत चिप्स संपल्या की माणूस संपला.

"तुमचा खेळ सुधारला तो कशानं?" सेवकरामने विचारले.

"तीन गोष्टींनी. कोणत्या जागेवरून कोणते पत्ते खेळाचे, त्याचा तक्ता केला. दर डाव झाला का वहीत लिहिला. अन् नियम केला, का एकाची चूक दुसऱ्याले दिसली तं तोंडावर सांगाची, राग नाही धराचा."

"वही कोण लिहे?"

"टीना. आमच्यासंग बसे. एप्रिलच्या सुरुवातीले गोंदियाले निंघून गेली, परीक्षेच्या अभ्यासाले. तवापासून वही बंदच आहे."

चौसष्टपैकी अडतीस डाव किरकोळ होते, पहिल्याच बोलीला कोणीतरी माघार घेतलेले. एकोणीस राजदीपच्या यादीतले. एका डावात चिप्स दोघांत वाटल्या गेल्या होत्या. उरले सहा. सेवकरामने ते सहा कागद गल्ल्यावर ओळीने मांडले.

सहाही डावांत राजदीपच्या हाती भक्कम पत्ते होते, आणि सहाही डावांत वैनगंगा-९ डोळे मिटून पुढे आला होता आणि आपटला होता.

"हे यादीत काऊन नाही?"

राजदीपने मान खाजवली. "हे तं मी मोठे डाव जिंकलो, मामाजी. जिंकलेले कोन लिहून ठेवते?"

सेवकरामने कागदांवरच्या तारखा पाहिल्या. सहाही कागदांवर एकच तारीख होती: चोवीस मे.

ज्याला दुसऱ्याचे पत्ते दिसतात, तो एकाच दुपारी सहा वेळा आंधळा कसा होतो?

३

दुलीचंदचा ढाबा सकाळी जरा मोकळा असे. खोलीत इंटरनेट त्याचे, वीज त्याची, आणि वर भिंतीला एक कॅमेराही त्याचाच. ओमेशशिवाय संशय घ्यायचाच, तर तो याच माणसावर घ्यायला हवा होता.

"कॅमेरा?" दुलीचंद हसला. "सेवकरामजी, तो माह्या साल्यावर नजर ठेवाले लावला जी. ट्रकवाल्याईले फुकट अंडे खाऊ घाले." त्याने गल्ल्यामागचा छोटा पडदा दाखवला. त्यात खोलीचे दार आणि दाराबाहेरचे पाण्याचे पिंप दिसत होते. राजदीपचा संगणक चौकटीच्या पार बाहेर होता. सेवकरामने तरीही खोलीत जाऊन राजदीपच्या खुर्चीवर बसून पाहिले, आणि बाहेर दुलीचंदला विचारले, "मी दिसतो का?"

"पाय दिसून राहिले. चप्पल शिवून घ्या, अंगठा तुटला."

खोली साधी होती. टेबल, समोर खिडकी आणि खिडकीपलीकडे महामार्गावरचे ट्रक. पत्त्यांचा तो तक्ता मात्र पाठीमागच्या भिंतीवर चिकटवलेला होता.

"चोवीस मेचा इतवार आठवते का तुम्हाले?"

"न आठवाले काय झालं? माही बायको माहेरून आली त्या दिवशी." दुलीचंदने कपाळाला हात लावला. "अन् लाइन मरून राहिली होती. रस्त्याच्या खोदकामात केबल दबला. पूरी बंदही नाही अन् चालूही नाही, नुसती गोगलगाय. राजदीप बटन दाबे अन् दहा-दहा सेकंद काही होये ना. चिडून राहिला होता पोट्टा. पन तिसरा आला त्या दिवशी, मिठाई वाटली."

"अन् ओमेश?"

"तो कुठचा खेळते? पूरा टाइम छतावर होता, केबल जोडून राहिला होता. उन्हात काळा झाला बिचारा. मीच वर ताक पोहोचवलं."

सेवकरामच्या मनात दोन दाणे एकमेकांवर घासले गेले. चोवीस मे रोजी ओमेश छतावर होता, म्हणजे त्या वेळी वैनगंगा-९ म्हणून खेळणारा दुसराच कोणीतरी होता. एवढ्याने ओमेश सुटत नव्हता. राजदीप म्हणाला असता, की डोळा ओमेशने बसवला आणि पाहिले दुसऱ्याने. पण लाइन मंदावली, तर पत्ते बदलत नाहीत. चोरून पाहणाऱ्याला ते उशिरा का होईना, पण तेच दिसतील. मग मंद लाइनने आंधळा होणारा माणूस पाहत तरी काय होता?

४

ओमेशच्या दुकानात एकच यंत्र उरले होते आणि तेही त्याचे स्वतःचे. ते पुसत तो म्हणाला, "बसा म्हनत नाही मी."

"उभा राहतो."

"राहा. पाय तुमचे आहेत." थोडा वेळ तो पुसत राहिला. "आता काय तपासाले आले? माहा दर्जा तं लागला. नापास."

"घाईनं लावला," सेवकराम म्हणाला.

"घाईनं? वीस लोकाईसमोर! माही माय आता बाजारात जात नाही. केशोरावजी रोज चाय पेवाले येत, आता रस्त्याच्या पलीकडून जातेत. पतसंस्थेचं काम गेलं तं दुकान बंद करा लागते मले. तुमचं काय गेलं? तीन शब्द."

सेवकराम एक पाऊल आत आला.

"एकच विचारतो. तक्ता पाठीमागच्या भिंतीवर कोणं लावला?"

ओमेशने चमकून पाहिले. "मीच. समोर खिडकी आहे, जागा कुठी आहे? काऊन?"

"अन् राजदीप खेळताना तो पाहते?"

"पाहते ना. सारा पाठ आहे त्याले, तरी अडला का मान फिरवते. सवय आहे."

"अडला नाही तं?"

"नाही अडला तं कायले पाहील?"

सेवकराम जवळजवळ धावतच परत आला. त्या दिवशी दुपारी त्याने राजदीपला दुकान बंद करायला लावले, ढाब्यामागच्या खोलीत बसवले आणि एका किरकोळ स्पर्धेत खेळायला सांगितले. स्वतः दाराशी स्टुलावर बसला. पडद्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही, पाहिले ते फक्त राजदीपच्या मानेकडे, आणि प्रत्येक चालीला मनात आकडे मोजले.

दोन. बटण. दोन. बटण. मग मान मागे वळली, तक्त्यावर फिरली, परत आली. नऊ. बटण. पुन्हा दोन.

"आता तुझ्या हाती काय होतं सांगू?" सेवकराम म्हणाला. "तिसऱ्या बोलीले कच्चे पत्ते. बाकीच्याईले भक्कम."

राजदीपचा हात माउसवरून सरकला. तो खुर्चीसकट मागे वळला.

"तुम्हाले... कसं दिसलं?"

५

"मले काहीच नाही दिसलं," सेवकराम म्हणाला. "त्या वैनगंगालेही नाही दिसत. मिलमधली गोष्ट सांगतो. तू दोनच हंगाम होता, तुले हे शिकवाचं राहून गेलं. ग्रेडर पोत्यात एकदा परखी मारते. दाना चांगला असला, का पोतं पास. शंका आली, का दुसऱ्यांदा मारते. अडत्या बाजूले विडी ओढत उभा असते. तो दान्याकडं पाहत नाही. परखी कितीदा गेली ते पाहते. दुसरी गेली, का त्याले समजते, याले शंका आहे. तो तेथूनच भाव बोलाले सुरुवात करते. म्हनून जुना ग्रेडर दर पोत्याले दोनदा परखी मारते. माल सोन्यासारखा असला तरी दोनदा."

राजदीपने तक्त्याकडे पाहिले.

"तुझी मान म्हंजे ती दुसरी परखी. चांगले पत्ते, तं दोन सेकंद. थाप माराची असली, का तक्ता. समोरच्याले तुझी मान नाही दिसत, पन तू किती वेळ घेतला ते दिसते का नाही?"

"दिसते," राजदीप पुटपुटला. "घड्याळ फिरते नावाशेजारी."

"चोवीस तारखेले लाइन मंद होती. तुझी दर चाल उशिरा पोहोचली, चांगलीही अन् वाईटही. त्याले वाटलं, सारे कच्चेच पत्ते. सहादा पुढं आला, सहादा आपटला. पत्ते दिसत असते तं आपटला असता का?"

हा युक्तिवाद इतका सरळ होता, की राजदीपला त्यात बोट घालायला फट सापडेना. तरीही त्याने प्रयत्न केला. "तरी ओमेशच. त्याले माही सवय माहीत होती. त्यानं सांगितली असंल कोनाले."

"ओमेश त्या दिवशी तुझ्या डोक्यावर केबल जोडून राहिला होता. लाइन मंद आहे हे त्याच्याहून जास्त कोणाले माहीत? त्याचा साथीदार असता, तं 'आज घड्याळावर भरवसा ठेवू नको' हे त्याले पहिले समजलं असतं. नाही, राजदीप. हा मानूस तुझी सवय जानते, पन त्या दिवशी येथं काय चाललं होतं, ते जानत नाही. अन् पहिल्या रविवारी, पहिल्याच डावापासून जानते. म्हंजे शिकून आला. या खोलीत बसून शिकला, अन् मंग खोली सोडून गेला."

राजदीपने खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली.

"वही कुठी आहे?" सेवकरामने विचारले.

वही दुकानात, कागदांच्या रिमांखाली होती. प्रतिस्पर्ध्यांची पाने हाताळून मळली होती. शेवटची पाने मात्र नवी करकरीत होती, कारण ती कोणी उघडलीच नव्हती. त्यावर टीनाच्या सुबक अक्षरांत मथळा होता: 'आपल्या माणसांच्या खोडी.' खाली दोन रकाने, पत्ते आणि सेकंद. आणि तळाशी, दोनदा अधोरेखित: 'राजदीप विचार करतो तेव्हा त्याच्याकडे काही नसते. हे त्याला सांगणे.'

६

दुसऱ्या दिवशी दोघे बसने गोंदियाला गेले. नागऱ्याच्या रस्त्यावर, शिवमंदिराच्या अलीकडे, टीना एका खोलीत राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होती. दार उघडताच तिने राजदीपच्या हातातली वही पाहिली.

"वाचली वाटते," ती म्हणाली.

"तू वैनगंगा?"

"हाव."

"अन् एवढे दिवस मले लुटत राहिली?"

"लुटत? खेळत होती. तुमच्यासंग दोन वर्षं बसली, कधी खेळू दिलं का? 'टीना, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही.' मी लिहिलं. सेकंद मोजून लिहिलं. मार्चमंदी तोंडानं सांगाले गेली, तं काय म्हनला होता तू? आठवते?"

राजदीपला आठवत होते, हे त्याच्या मानेवरून कळले.

"'लिहिनाऱ्यानं लिहावं, खेळनाऱ्यानं खेळावं,'" टीनाने त्याची नक्कल केली. मग तिचा आवाज उतरला. "दर इतवारी बसत होती मी. पाहत होती, वाचलं का नाही. चोवीस तारखेले सहादा हरली, तं मले वाटलं, वाचलं एकदाचं! घड्याळ उलटं फिरवून राहिला. खुश झाली मी, खरं सांगते. अन् पुढच्या इतवारी पुन्हा तेच, दोन सेकंद, नऊ सेकंद. वहीच उघडली नव्हती तू."

"अन् ओमेशवर आळ आला," सेवकराम म्हणाला.

"कोनावर?"

तिला काहीच ठाऊक नव्हते. सेवकरामने सांगितले, तेव्हा ती खाटेवर बसली. "ओमेशनं एकट्यानंच म्हटलं होतं का, टीनाले खेळू द्या." मग तिने पिशवी उचलली. "मी येते. माह्या तोंडानं सांगते."

"रविवारी ये," सेवकराम म्हणाला. "आळ जितक्या लोकाईसमोर घेतला, तितक्याईसमोर काढला पाहिजे."

चौदा जूनच्या रविवारी, दुपारी अडीच वाजता, ढाबा भरला होता. दुलीचंदने कोणाला न विचारता सगळ्यांना चहा दिला, बातमी त्याच्याच तोंडून फुटली होती. केशोराव आले. ओमेश मोटारसायकलवरून उतरलाच नाही, एक पाय जमिनीवर टेकवून बसून राहिला.

राजदीप आधी बोलला. तो चांगला वक्ता नव्हता, म्हणून जे बोलला ते खरे वाटले. "वैनगंगा ही टीना होती. माह्या मशीनमंदी काहीच नव्हतं. खोट माह्यात होती अन् नाव मी ओमेशचं घेतलं." टीनाने आपला फोन उघडून ते खाते केशोरावांच्या हातात दिले. मग सेवकराम उठला.

"मी म्हटलं होतं, माल खोटा आहे," तो म्हणाला. "चौसष्ट डाव होते. मी पाहिले एकोणीस, तेही दुसऱ्यानं निवडून देल्ले. मिलमधल्या एखाद्या पोऱ्यानं असं केलं असतं, तं मी त्याले त्याच दिवशी घरी पाठवला असता. दर्जा मी चुकीचा लावला. ओमेश खरा आहे."

कोणीतरी "शाब्बास" म्हणाले. कोणीतरी टाळी वाजवायला हात वर केले आणि ओमेशचा चेहरा पाहून खाली घेतले.

"झालं?" ओमेश म्हणाला. "बोलनं सोपं आहे, मामाजी. लोकाईच्या डोक्यात एकदा डोळा बसला, तो असा चहासंग निघते का? उद्या कोनाची मशीन बिघडली, तं तो म्हनन, नको बाबा, ते गोष्ट खोटी निंघाली, पन कोन जाने."

केशोरावांनी फोन टीनाला परत दिला. ते सावध माणूस होते, आणि सावध माणसाला धीर यायलाही पुरावाच लागतो. ते बाहेर गेले आणि आपल्या जीपमधून पतसंस्थेचा बंद पडलेला संगणक उचलून आणून टेबलावर ठेवला. "उद्या अकराले सभा आहे. हा चालू झाला पाहिजे. काम ओमेशलेच द्याचा ठराव मी यालेच समोर ठेवून मांडतो."

ओमेश आता कोठे खाली उतरला. त्याने यंत्राभोवती एक फेरी घातली, पण हात लावला नाही.

"खोलतो," तो म्हणाला. "पन एकटा नाही. आजपासून कोनाचीही मशीन मी एकटा खोलनार नाही. मामाजी समोर बसतीन. कोनता पुर्जा काढला, कोनता लावला, ते पाहतीन. लोकाईले विचाराचं असंल तं त्याईले विचारतीन."

"किती दिवस?" सेवकरामने विचारले.

"मी पुरे म्हनीन तोपर्यंत."

एव्हाना तीन वाजताची स्पर्धा सुरू झाली असावी. राजदीप मागच्या खोलीत गेला नाही, टीनाही नाही. दुलीचंदने टेबलावरच्या कपबशा उचलल्या आणि ओल्या फडक्याने लाकूड पुसून दिले. सेवकरामने स्टूल ओढले आणि तो ओमेशच्या समोर, यंत्राच्या पलीकडच्या बाजूला बसला.

"हात पुढं करा," ओमेश म्हणाला.

सेवकरामने तळहात पुढे केला. ओमेशने पेचकस फिरवला, पहिला स्क्रू काढला आणि त्यावर ठेवला. मग दुसरा. मान वर न करता तो म्हणाला, "सांडू नका. परत लावाचे आहेत."